गॅरेजमधून निघालेला ९९ डॉलर्सचा ॲम्प

आजच्या एपिसोडमधली कंपनी अमेरिकेतली आहे, आणि तिचं नाव घरच्यांसमोर जरा जपूनच घ्या: शिट ऑडिओ. स्पेलिंग वेगळं आहे, पण उच्चार तोच!

आधी बेसिक. फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्यांचा विजेचा सिग्नल करतो तो डॅक, आणि त्या सिग्नलला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो ॲम्प. फोन साधारण १ व्होल्ट देतो असं धरा. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून ३१ मिलीवॅट मिळतात, ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३. म्हणून काही भारी हेडफोन फोनला लावले की आवाज मरतुकडा येतो.

२०१० मध्ये जेसन स्टॉडार्ड आणि माइक मॉफट यांनी कॅलिफोर्नियात, गॅरेजमधून ही कंपनी सुरू केली. दोघंही नवखे नव्हते. स्टॉडार्डने आधी सुमो कंपनीत ॲम्प डिझाइन केले होते, मॉफट थीटा डिजिटलचा संस्थापक. पहिला ॲम्प आस्गार्ड, किंमत २४९ डॉलर्स.

मग २०१२ मध्ये आले मॅग्नी ॲम्प आणि मोदी डॅक, प्रत्येकी ९९ डॉलर्स. हो, मोदी! नॉर्स पुराणात मॅग्नी आणि मोदी ही थॉरची मुलं.

अमेरिकेत बनवून एवढं स्वस्त कसं? एक, थेट वेबसाइटवरून विक्री, म्हणजे दुकानदाराचं मार्जिन वाचलं. दोन, डबा एकदम साधा: वाकवलेला पत्रा, ना डिस्प्ले, ना रिमोट. पैसा गेला तो आतल्या सर्किटवर.

पण थेट विक्रीत मधे कुणी नसतं, त्यामुळे शिव्याही थेट येतात. सुरुवातीचा आस्गार्ड बंद करताना हेडफोनला विजेचा झटका बसतो, हे ऑनलाइन मोजमाप करणाऱ्यांनी दाखवून दिलं. नाजूक हेडफोनला त्याने धोका होता. पुढे कंपनीने त्यात रिले बसवला, म्हणजे झटक्याच्या वेळी हेडफोनची लाइन तोडणारा छोटा स्विच. आमच्या भाषेत सांगायचं तर बग प्रॉडक्शनमध्ये सापडला, पण फिक्स शिप झाला.

मला या गोष्टीत हेच महत्त्वाचं वाटतं. ९९ डॉलर्समुळे लोक आले, पण चूक दाखवल्यावर ती दुरुस्त झाली नसती तर टिकले नसते.

आणि तुम्हाला ॲम्प हवाय का? साधे इअरफोन असतील आणि आवाज पुरत असेल, तर नको. पैसे चांगल्या हेडफोनवर घाला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत व्हॉल्यूम जपून!