न पेटणारी तंबाखू आणि श्वासनलिकेच्या पेशी

विलेपार्ल्याच्या स्वामी विवेकानंद मार्गावर जिचा कारखाना होता आणि जिच्या ‘पनामा’ सिगारेटी एके काळी देशभर ओढल्या जात, त्या गोल्डन टोबॅको कंपनीचा सारा व्यवहार तंबाखू पेटवण्यावर उभा होता. २०१४ साली फिलिप मॉरिस कंपनीने जपानातील नागोया शहरात जे ‘आयकॉस’ उपकरण विक्रीस आणले, त्यात मात्र तंबाखू पेटत नाही, विजेच्या पात्याने सुमारे ३५० अंश सेल्सियसपर्यंत तापते.

हा भेद खरा आहे आणि तो प्रांजळपणे कबूल केला पाहिजे. झुरका घेताना सिगारेटचे टोक ९०० अंशांच्या आसपास पोहोचते, त्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन आणि हजारो अन्य रसायने निर्माण होतात, आणि ज्वलन टळले की त्यांतील पुष्कळांचे प्रमाण बरेच घटते. परंतु ज्वाळेवाचूनही उष्णता वनस्पतिद्रव्याचे विघटन करीतच असते. त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन बाहेर पडतात, आणि निकोटिन तर जवळजवळ सिगारेटइतकेच मिळते. अ‍ॅक्रोलिन पेशीतील ग्लुटाथायोनशी बद्ध होते. ऑक्सिडीकरणाचा हल्ला परतवणारी ही शिबंदी खर्ची पडली, की प्रथिने, पेशीपटल आणि डीएनए यांची हानी सुरू होते.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मानवी श्वासमार्गाच्या पेशींवर सिगारेट, ई-सिगारेट आणि तापवलेली तंबाखू या तिन्हींचा परिणाम ताडून पाहिला, आणि तिन्हींनी त्यांना इजा केली. अन्य अनेक प्रयोगांत तापवलेल्या तंबाखूचा उपद्रव सिगारेटहून सौम्य दिसला, हेही नमूद केले पाहिजे. मात्र ज्या पेशींना स्वच्छ हवाच मिळाली त्यांच्याशी तुलना केली असता तो सौम्यपणा पुरेसा वाटत नाही, आणि माझ्या मते खरी तुलना तीच होय. रक्तवाहिन्यांची गोष्ट तर अधिक चिंतेची: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात धमनीची प्रसरणक्षमता सिगारेटच्या धुराने जेवढी मंदावली, जवळपास तेवढीच तापवलेल्या तंबाखूच्या बाष्पानेही मंदावली.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली ‘हानिकारक रसायनांशी संपर्क घटतो’ असे सांगण्याची मुभा फिलिप मॉरिस कंपनीला दिली, ‘रोगाचा धोका घटतो’ असे सांगण्याची दिली नाही. आपल्याकडे २०१९ च्या ई-सिगारेट प्रतिबंधक कायद्याने तापवलेल्या तंबाखूच्या उपकरणांचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात या सर्वांस मनाई केली आहे. तेव्हा परदेशातून परतणाऱ्या आप्ताने कौतुकाने असे उपकरण आणून दिले, तर पार्लेकर तरुणाने ते नम्रपणे नाकारावे, आणि सिगारेट सोडण्याची ज्याला खरोखर इच्छा आहे त्याने १८००-११-२३५६ या शासनाच्या निःशुल्क दूरध्वनीवर समुपदेशकाशी बोलावे.