डिपर दिला, तरी डोळे दिपतात

अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालं की देवगोई घाट लागतो. त्या बाजूला, काठीच्या राजवाडी होळीला, पाड्यापाड्यांवरून माणसं येतात, कित्येक पायी. अशा रात्री समोरून गाडी येते. तिच्या चालकानं डिपर दिलेला असतो, तरी आपले डोळे दिपतात. क्षणभर रस्ता दिसत नाही आणि कडेनं चालणारा माणूसही दिसत नाही.

दोष पुष्कळदा ओझ्याचा असतो. मागं माणसं, डिकीत पोती. गाडीचं मागचं अंग दबतं, नाक वर उठतं आणि दिव्याचा झोतही.

मंडळी, तपासणी सोपी आहे. टायरमध्ये नीट हवा भरा. ओझं उतरवून, सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली हवी. हा उतार जेमतेम अर्ध्या अंशाचा. नाक तेवढं उठलं की तो संपला! कड वर दिसली तर गॅरेजमध्ये दिव्याचे स्क्रू फिरवून घ्या.

अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची चकती असते. एकटे असाल तर शून्य; ओझं वाढेल तसा आकडा वाढवा, झोत खाली येतो. माणसं उतरली की पुन्हा शून्य, नाहीतर आपल्यालाच लांबचं दिसणार नाही.

गाडी भरली की आधी ती चकती फिरवावी. वाटेवर कुणीतरी पायी घरी निघालेलं असतं.