हरभरा खुजा का राहतो?

मुळशीत भातकापणी झाली, की खाचरातल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल पेरतात. हरभऱ्याचे एखादे रोप खुजे राहते. काबुली असेल तर पिवळे पडते, गावरान असेल तर तांबूस. खत कमी पडले असेल, असे आपल्याला वाटते. पण कारण विषाणूही असू शकतो.

हा विषाणू राहतो फक्त रसवाहिन्यांत, म्हणजे पानांत तयार झालेले अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत. मावा नेमकी तिथेच सोंड खुपसतो. शोषलेल्या रसातला विषाणू त्याच्या आतड्यातून शरीरद्रवात आणि तिथून लाळेत उतरतो. असा मावा बहुधा जन्मभर रोग पसरवतो. त्याची पिल्ले मात्र विषाणू घेऊन जन्मत नाहीत.

विद्यार्थ्यांसह हे तपासता येईल. रोगट रोपाच्या खोडाची साल जमिनीलगत नखाने सोला. सालीखालचा थर तपकिरी दिसला, तर विषाणूचा संशय घ्यावा. मर रोगात खोड उभे चिरल्यावर मधला भाग काळपट दिसतो. तुडतुड्यांमार्फत येणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूची लक्षणेही अशीच असतात. नक्की निदान प्रयोगशाळेतच होते.

रोगी रोप बरे होत नाही. फार लवकर आणि विरळ पेरणी मात्र टाळता येते, कारण उघड्या जमिनीवर उठून दिसणाऱ्या रोपांवर उडता मावा अधिक उतरतो. म्हणून युरिया टाकण्याआधी साल सोलून पाहावी.