पंपाला ओढ लागते श्वासाची

कोरड्या पावडरचा इनहेलर प्रयोगशाळेत तपासतात तेव्हा त्याच्या तोंडाला एक यंत्र लावून हवा ओढली जाते. ओढ साधारण ४ किलोपास्कलची. स्ट्रॉने पाणी चाळीस सेंटीमीटर वर खेचायला लागते तेवढी. यंत्र ही ओढ दर वेळी सारखीच लावते. दम्याच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तो सकाळी एक असतो, धाप लागल्यावर दुसराच.

१९५६ मध्ये बाजारात आलेल्या फवाऱ्याच्या पंपात औषध बाहेर ढकलायला दाबाखालचा वायू असतो. पावडरच्या पंपात तसं काहीच नाही. औषधाचे १ ते ५ मायक्रॉनचे कण सहसा लॅक्टोजच्या मोठ्या कणांना चिकटून बसलेले असतात. रुग्ण जोरात श्वास ओढतो, आत हवेची खळबळ माजते आणि कण सुटे होतात. ओढ कमी पडली की ते चिकटलेलेच राहतात, घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतात आणि पोटात जातात. १९९४ साली टर्ब्युहेलर या पावडरच्या पंपावर झालेल्या अभ्यासात हे आकड्यांत दिसलं. मिनिटाला सुमारे ६० लिटर वेगाने ओढल्यावर २८ टक्के औषध फुप्फुसांत पोहोचलं. वेग ३५ लिटरवर येताच ते १५ टक्क्यांवर आलं.

श्वासालाच इंजिन करण्याची ही कल्पना वापरणाऱ्यांत रॉजर अल्टूनियन हे डॉक्टर होते. स्वतः दमेकरी आणि दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक. १९६०च्या दशकात त्यांनी घडवलेल्या स्पिनहेलरमध्ये कॅप्सूल एका छोट्या पंख्यावर बसवलेली असे. श्वास ओढला की पंखा गरगरे आणि पावडर उधळे.

आपल्याकडे घरोघरी दिसतो तो रोटाहेलर. चौकोनी भोकात कॅप्सूल दाबायची, बूड फिरवलं की ती आत फुटते. हवेला त्यात फारसा अडथळा नाही, म्हणून श्वास चांगला वेगाने ओढावा लागतो. हँडीहेलरची वाट मात्र अरुंद. तिथे हवा हळू जाते, पण अडथळ्यामुळे तेवढीच ओढ कॅप्सूल थरथरवायला पुरते. मिनिटाला २० लिटरवरही ती खुळखुळते. ओढायला जड लागणारा पंप वाईटच, हा समज म्हणूनच चुकीचा.

खरी अडचण सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांची. त्यांच्या फुप्फुसांत हवा अडकून राहते, छाती फुगलेली राहते, श्वासपटल सपाट होतं आणि ओढायला जोर उरत नाही. हा आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं. चुलीचा धूर हे त्यातलं मोठं कारण. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या आजीच्या हाती पावडरचा पंप देण्याआधी तिची ओढ पाहिलेली बरी.

ती मोजायला ‘इन-चेक’ नावाची हातात मावणारी नळी मिळते. वेगवेगळ्या पंपांचा अडथळा तिच्यावर लावता येतो. ओढ अपुरी निघाली, किंवा मूल पाच वर्षांच्या आतलं असलं, तर स्पेसर, म्हणजे पुढे पोकळ नळी, लावलेला फवाऱ्याचा पंप सोयीचा.

नळी नसली तरी पंप दवाखान्यात नेऊन डॉक्टरांसमोर घेऊन दाखवता येतो. काहीजण ओढण्याऐवजी फुंकतात, काहीजण कॅप्सूल गिळूनच टाकतात. घरच्यांनाही एक गोष्ट जमते. रोटाहेलर पारदर्शक असतो. श्वास घेऊन झाल्यावर तो उजेडात धरायचा, फुटक्या कॅप्सूलमध्ये पांढरी पावडर उरलेली दिसली, तर आजीला म्हणायचं, “आजी, अजून एकदा. जोरात.”