सॅक घेतलेल्या लेकीच्या भेटीला

परदेशी जाणे म्हणजे शिकायला जाणे, हे आपल्या समाजात पक्के ठरलेले आहे. बाबासाहेब 1913 साली अमेरिकेला गेले ते शिकायला. पुढे शिष्यवृत्त्या मिळवून आपली जी मुले-मुली गेली तीही शिकायला, नाहीतर नोकरीला. पण आता आपल्याच घरातली एखादी मुलगी चार-पाच वर्षे नोकरी करते, पैसे साठवते, राजीनामा देते आणि पाठीवर सॅक टाकून सहा महिने नुसती फिरायला निघते. वस्तीत हे सांगायचे तरी कसे? "कोणत्या कंपनीत लागली?" असे कोणी विचारले की आईबाप गप्प बसतात.

आमच्या घरी हे 2024 साली घडले. ऑगस्टमध्ये लेक व्हिएतनामला गेली, तिथून लाओसला. तिचे बाबा तीन महिने फोनवर "जेवलीस का?" यापलीकडे तिच्याशी बोलले नाहीत. नोव्हेंबरात ती थायलंडला येणार होती. तेव्हा आम्ही दोघांनीच आठ दिवसांसाठी तिकडे जायचे ठरवले. पुढे ही वेळ अनेक घरांवर येणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अशा भेटीत सर्वात मोठी अडचण चालीची असते. फिरणाऱ्याला रात्रीच्या बसची, मिळेल तिथे झोपायची सवय झालेली असते. आपल्याला गुडघे असतात. मुले उत्साहाने दहा ठिकाणांची यादी पाठवतात. ती नम्रपणे बाजूला ठेवावी. आम्ही फक्त बँकॉक आणि तिथून सुमारे ऐंशी किलोमीटरवरचे अयुथया एवढेच ठरवले. लेकीलाही खरे तर फिरायचे नव्हते, एका खोलीत सलग आठ रात्री झोपायचे होते. हे तिने नंतर सांगितले.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, आणि ते शहराच्या दोन निराळ्या बाजूंना आहेत. आपण कोणत्या विमानतळावर उतरणार हे मुलांना आधी कळवावे, नाहीतर भेट होण्याआधीच चुकामूक. नागपूरहून आम्ही कोलकात्याला गेलो. तिथून विमानाला अडीच तास लागतात, मुंबईच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी! थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाची सूट दिली होती आणि आम्ही त्याच सुटीवर गेलो. मे 2025 पासून मात्र तिथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. असे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी चौकशी करावी.

आता सामानाचे. लेकीने मागवलेली यादी अशी: बँकेने घरच्या पत्त्यावर पाठवलेले नवे एटीएम कार्ड, चष्म्याची दुसरी जोडी, सुती आतले कपडे, नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि जवसाची चटणी. परतताना आमच्या बॅगेत काय आले? तिचे जाड जॅकेट, भरलेल्या दोन वह्या, लाओसचे विणलेले कापड. टपालाने पार्सल मागवायचे तर पत्ता लागतो, आणि फिरणाऱ्याला पत्ताच नसतो. तिचे बाबा तेहतीस वर्षे पोस्टात होते. "म्हणजे आपणच पोस्टमन," एवढेच ते म्हणाले.

विमानतळावर तिला पाहिले आणि माझ्या तोंडून निघाले, "काय वं, किती वाळली तू!" ती हसली आणि बाबांची बॅग हातातून घेतली. तिथून पुढे आठ दिवस तीच पुढे, आम्ही मागे. चाओ फ्राया नदीतल्या बोटीत चढताना तिने बाबांचा हात धरला. वाट फो विहारातली पहुडलेली बुद्धमूर्ती सेहेचाळीस मीटर लांब आहे. ती पाहायला जाण्याआधी खांदे व गुडघे झाकले पाहिजेत हे तिने आम्हाला बजावले. लहानपणी आपण ज्यांना बोट धरून नेले त्यांनी आपल्याला रस्ता ओलांडून द्यायचा, हे बापाला पचायला जड जाते. त्यातून दुसऱ्याच दिवशी पैशांवरून वाद झाला. हे सगळा खर्च स्वतः करायला निघाले, ती ऐकेना. शेवटी खोली आमची, जेवण तिचे असे ठरले. हे ज्याने त्याने घरूनच ठरवून निघावे.

ती एरवी कुठे झोपते ते मला पाहायचे होते. बायकांच्या मोठ्या खोलीत पुरुषांना प्रवेश नव्हता, म्हणून मी एकटीच गेले. एकावर एक अशा आठ खाटा, प्रत्येकीला पडदा, दिवा आणि कुलपाची पेटी. स्वच्छ होते. बाहेर थांबलेल्या बाबांना मी तेवढेच सांगितले, आणि ते कितीतरी हलके झालेले दिसले.

अयुथयाला आम्ही तिसऱ्या वर्गाच्या गाडीने गेलो. उघड्या खिडक्या, पंखे, डब्यातून फिरणारे विक्रेते; अगदी आपली पॅसेंजर. बाबांना एका पावतीवर 2567 साल छापलेले दिसले. थायलंडमध्ये इसवी सनाच्या 543 वर्षे पुढे बुद्धाब्द मोजतात, आणि सरकारी व्यवहारातही तोच वापरतात. श्रीलंकेत हाच आकडा एकाने पुढे असतो. पोस्टातल्या माणसाला तारखेच्या शिक्क्याचे महत्त्व! ती पावती त्यांनी जपून खिशात ठेवली.

अयुथया 1767 साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केले. वाट महाथातमध्ये शिर नसलेल्या मूर्तींच्या रांगा आहेत, आणि एका झाडाच्या मुळांत बुद्धमूर्तीचे मस्तक अडकलेले आहे. तिथे फोटो काढायचा तर आपले डोके त्या मस्तकापेक्षा खाली राहील असे बसावे लागते. हे मातीतच मांडी घालून बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत. लेकही शेजारी बसली.

तिथे त्यांनी तीन महिन्यांत पहिला खरा प्रश्न विचारला. "नोकरीत काय त्रास होता?"

तिने सांगितले. ऑफिसात आडनाव कळल्यापासून राखीव जागांवरून होणारे विनोद. बढतीच्या वेळी कानावर पडलेले बोल. जेवणाच्या टेबलावरून हळूहळू उठून गेलेल्या मैत्रिणी. घरी सांगितले असते तर बाबा म्हणाले असते, आम्ही याहून जास्त सोसले; म्हणून ती बोलली नव्हती. "इथं हॉस्टेलात फक्त देश विचारतात, बाबा. आडनाव कोणी विचारत नाही."

हे काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी तिच्याकडून व्हिएतनामपासूनचा सगळा रस्ता, गावांच्या नावांसह, वहीत उतरवून घेतला.

शेवटच्या संध्याकाळी ती च्यांग माईच्या रात्रीच्या गाडीने उत्तरेकडे निघाली. या गाड्या जानेवारी 2023 पासून बँकॉकच्या नव्या मोठ्या स्थानकावरून सुटतात. फलाटावर यांनी तिची सॅक उचलून पाहिली आणि म्हणाले, "अकरा किलो असंल." चटणीचा डबा वरच्या कप्प्यात होता. गाडी हलेपर्यंत मी बोलत होते, हे मात्र डब्यावरचा क्रमांक लिहून घेत होते.

पुढे ती कंबोडियात गेली. तेव्हापासून फोन हेच लावू लागले. तिथले घड्याळ आपल्यापुढे दीड तास असते, म्हणून रात्री साडेआठच्या आत.