कॅमेऱ्याचे चित्रण : किती जागा, किती वेग?

लाटंबार्से : डिचोली तालुका, उत्तर गोवा. पलीकडे सिंधुदुर्गातला दोडामार्ग. अशा गावात कॅमेरा लावायचा तर हा हिशेब.

कच्चे चित्रण : १९२० × १०८० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, २४ बिट रंग. म्हणजे सेकंदाला सुमारे १.२४ गिगाबिट, गावातली कुठलीही घरगुती जोडणी इथेच हात टेकते. म्हणून चित्रण दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवायचे; त्याच्या पद्धती पुढे.

मोशन जेपेग : प्रत्येक फ्रेम स्वतंत्र फोटो. जागा भरपूर खातो.

एच.२६४ (२००३) : अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, मध्ये फक्त बदल. सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने दिवसाला सुमारे ४३ जीबी. १ टीबीची हार्ड डिस्क २३ दिवसांत भरते.

एच.२६५ (२०१३) : तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मा डेटा. जुन्या रेकॉर्डरवर मात्र चालेलच असे नाही.

पाऊस आणि रात्र : कोसळत्या सरी, हलणाऱ्या माडाच्या झावळ्या, अंधारातले दाणेदार चित्र, हे सगळे कॅमेऱ्याच्या लेखी ‘बदल’च. बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) बदलता ठेवला तर पावसाळ्यात डिस्क लवकर भरते. स्थिर ठेवला तर चित्र धूसर होते.

दोन स्ट्रीम : मुख्य स्ट्रीम रेकॉर्डिंगसाठी, हलका उपस्ट्रीम मोबाइलवर पाहण्यासाठी.

आरटीएसपी (१९९८) : स्ट्रीम सुरू-बंद करण्याचा प्रोटोकॉल.

ऑनव्हिफ (२००८) : वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे जुळवणारे मानक. संस्थापक अ‍ॅक्सिस, बॉश, सोनी.

पोलीस ठाण्यांतले कॅमेरे : सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, २ डिसेंबर २०२०. चित्रणासोबत आवाजही हवा. साठवण १८ महिन्यांची; तशी उपकरणे बाजारात नसतील तर किमान एक वर्षाची.