१२०३ म्हणजे काय रे भाऊ?

एसटीच्या खिडकीतून पुढच्या टँकरची पाठ कधी नीट पाहिली आहे का? गाडीचा नंबर आणि ‘अत्यंत ज्वलनशील’ ही मोठी अक्षरं तर सगळ्यांनाच दिसतात. पण शेजारी आणखी एक पाटी असते. तिच्यावर एक चार आकडी संख्या, कोपऱ्यावर उभा केलेला एक चित्राचा चौकोन, एक फोन नंबर आणि ‘३ वाय ई’ असं काहीतरी गूढ लिहिलेलं असतं.

चला, ते कोडं सोडवू या.

ती संख्या १२०३ असेल, तर टँकरच्या पोटात पेट्रोल आहे. १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन आणि १८३० म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्ल. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने हे क्रमांक ठरवले आहेत, त्यामुळे ते जगभर सारखेच असतात. गुजरातमध्ये भरलेला टँकर महाराष्ट्र आणि कर्नाटक ओलांडून तमिळनाडूत पोचतो. वाटेत पाट्यांवर चार निरनिराळ्या लिपी दिसतात. १२०३ मात्र सगळीकडे पेट्रोलच!

आता ‘३ वाय ई’. हा अग्निशमन दलाच्या जवानांसाठी लिहिलेला निरोप आहे. ३ म्हणजे आग लागली तर फेस मारा. पाणी का नको? पेट्रोल पाण्याहून हलकं असतं. पाण्याचा फवारा मारला, तर ते पाण्यावर तरंगत पुढे जातं आणि आगही सोबत नेतं. फेसाचा थर मात्र पेट्रोलवर पसरतो आणि हवा तोडतो. ‘वाय’ सांगतो की भडका उडू शकतो, श्वसनयंत्र लावा आणि सांडलेलं पेट्रोल गटारात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. आणि ‘ई’ म्हणजे आसपासच्या लोकांना हलवावं लागेल, त्याचा विचार करा. एवढा सगळा निरोप फक्त तीन खुणांत!

चित्राचा चौकोनही बोलका असतो. लालवर ज्योत म्हणजे पेट घेणारं. कवटी म्हणजे विषारी. आम्लाच्या टँकरवरचं चित्र तर जवळून पाहण्यासारखं आहे. दोन परीक्षानळ्यांतून थेंब पडताहेत, एकीतून धातूच्या पट्टीवर आणि दुसरीतून माणसाच्या हातावर. पट्टीही खाल्ली गेली आहे आणि हातही. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही, त्यालाही ते कळतं.

हे सगळं कशासाठी? टँकर उलटला तर सर्वांत आधी संकटात सापडतो चालक. त्याच्या केबिनमध्ये त्या रसायनाची माहिती देणारं कार्ड असावं लागतं आणि असा माल नेण्यासाठी त्याला खास प्रशिक्षणही घ्यावं लागतं. पण चालकच बेशुद्ध पडला असेल तर? मग ती पाटीच बोलते. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून तो खड्ड्यात आणि सखल जागी साचतो. अशा वेळी नाल्यात लपणं घातक ठरतं. वारा ज्या बाजूने येतो आहे त्या बाजूला आणि उंचावर जावं लागतं. आत क्लोरीन आहे हे लांबूनच कळलं, तरच योग्य दिशेला पळता येईल ना?

आता महामार्ग सोडून शेतात येऊ. इथेही रसायनं आहेत आणि इथेही खुणा आहेत. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा एक चौकोन असतो. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात इशारा आणि खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल गटातलं जेवढं औषध प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना घातक ठरतं, त्याच्या निदान शंभरपट औषध हिरव्या गटात लागतं. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे हं! तेही विषच असतं, फक्त कमी जहाल.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फार वाईट घडलं. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. पाठीवर पंप, हातात नळी आणि तुषार थेट तोंडाच्या उंचीवर! शिवाय उन्हात अंगाला घामाच्या धारा, आणि ओल्या कातडीतून औषध अधिक सहज आत शिरतं. तोंडाने गिळलं नाही तरी विषबाधा होते ती अशी.

आत शिरल्यावर ते करतं काय? फवारणीच्या अनेक औषधांचा एक मोठा गट आहे, ऑरगॅनोफॉस्फेट. आपला मेंदू स्नायूला हुकूम देतो तेव्हा मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. काम झालं की एक विकर ते लगेच मोडून टाकतं. ऑरगॅनोफॉस्फेट नेमकं त्या विकरालाच जखडून ठेवतं. मग दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं होतं, हुकूम थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो.

यावरचा एक उतारा आहे ॲट्रोपिन. ते बेलाडोनासारख्या विषारी झाडांत सापडतं, आपल्या धोतऱ्यातही असतं. बाहुल्या मोठ्या करायला डोळ्यांचे डॉक्टर त्याचेच थेंब वापरतात. म्हणजे एक विष बाहुली आकसवतं, दुसरं ती रुंद करतं! पण ते डॉक्टरांनीच मोजूनमापून द्यायचं असतं. शिवाय सगळ्या कीटकनाशकांना एकच उतारा चालत नाही. म्हणून रोग्याला दवाखान्यात नेताना औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्यायचंच. डॉक्टरांचे उपचार त्या लेबलावर अवलंबून असतात.

मला सतावणारी गोष्ट इथेच आहे. मजुराच्या हाती बऱ्याचदा फक्त भरलेला पंप येतो, डबा मालकाच्या घरीच राहतो. डबा मिळाला तरी माहितीपत्रकावरची अक्षरं मुंगीएवढी बारीक. ज्याच्या जिवावर बेतू शकतं, त्यालाच ते वाचायला मिळत नाही. हे बदललंच पाहिजे, आणि त्यात तुम्ही खरोखर मदत करू शकता.

घरात फवारणी होत असेल, तर डबा न उघडता मोठ्या माणसाच्या हातात असतानाच त्यावरचा रंग पाहा आणि पत्रक सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला मास्क आहे ना, ते विचारा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, असं सांगा. फवारणीनंतर साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणं हवंच. औषध कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू देऊ नका. रिकाम्या डब्याशी खेळू नका, त्यात पाणीही भरू नका.

आणि रस्त्यात टँकर उलटलेला दिसला, तर जवळ जाऊ नका, बघ्यांच्या गर्दीतही नको. लांबूनच ती चार आकडी संख्या वाचा आणि मोठ्यांना ११२ वर फोन करून ती सांगायला लावा. मदतीला येणाऱ्यांना वाटेतच कळेल, आपली गाठ कशाशी आहे ते.